महादेवीच्या डोक्यावरची गाठ

१७ ऑगस्ट १९५३, सोमवार. मादन हिप्परगा

श्रावणी सोमवार. गाव उपाशी, दवाखाना रिकामा. उपासाच्या दिवशी यांचं पोट दुखत न्हाई. उद्या बरोबर दुखणार, नि सगळे एकदम येणार.

दुपारी एक जोडपं आलं. शरणप्पा नि त्याची बायको सिद्दव्वा. लिंगायत, दोन कोसांवर रान आहे, तिथंच राहतेत. सोबत सहा-सात वर्षांची पोर, महादेवी. डोक्याला उजव्या बाजूला, कानाच्या वर चार बोटं, लिंबाएवढी गाठ. गाठ म्हणतो, पण ती दिसत कुठं होती? वरनं शेंदूर नि करडीच्या तेलाचा लेप, वाळून भेगा पडलेला. केस त्यात माखून खिळ्यासारखे उभे. कडगंचीच्या वैदूची करामत. मारुतीला फासतेत तसं पोरीला फासलंय. वास असा की आधी खिडकी उघडायला लावली.

कधीपासून, म्हणलो. आई म्हणते, "जल्मापासून व्हती बारकी. आता वाढायलीय." जल्मापासून म्हणे. यांना स्वतःचा जन्म कधी झाला ते सांगता येत न्हाई.

लाकडी पट्टीनं दोन बाजूंनी ढोसून बघितलं. हलत न्हाई. दुखत न्हाई म्हणते. हात लावला न्हाई, आत्ताच आंघोळ करून बसलो होतो. पोर सगळा वेळ माझ्या हाताकडंच बघत होती. जाताना आईला कानडीत म्हणली, हा माणूस हात लावत न्हाई गं. आईनं तिला गप केलं. पोरगी आगाऊ आहे.

कंपौंडर हुसेनसाब दारात उभा राहून त्या लेपाकडं बघत होता. काय, म्हणलो. "कुच नै साब." गेला बाटल्या भरायला. पोलीस ॲक्शन झाल्यापासून हा माणूस 'कुच नै साब' एवढंच बोलतो. यापुढं वहीत नुसतं हु. एवढ्या माणसाला एवढं लांब नाव कशाला?

१९ ऑगस्ट

गुलबर्ग्याला एका खाजगी डॉक्टरनं फोटोचं मशीन आणलंय, हाडं दिसतेत ते. शरणप्पाला चिठ्ठी देऊन आळंदच्या मोटारीत बसवलं. पोरीच्या डोक्याला कुंची बांधली होती, ते बरं केलं. मोटारीतल्या लोकांनी काय पाप केलंय?

जाताना विचारतो, "साहेब, फोटूनं बरं हुतंय का?" हे ऐकायला उर्दूतून पाच वर्षं डॉक्टरी शिकलो.

२७ ऑगस्ट

फोटो आला. धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणला, भाकरी बांधतेत तसा.

खिडकीला धरला नि बघतच राहिलो. कवटीला चांगलं दुअन्नीएवढं भोक. भोकावर पांढऱ्या ठिपक्यांचा ढीग, नि त्यातून बाहेर निघालेले काटे. पोरं पाटीवर उगवता सूर्य काढतेत नि त्याला रेघा मारतेत, हुबेहूब तसे. पुस्तकातला धडा. आठ वर्षं गजकर्ण नि नारू बघून डोळे किडले होते. आज कुठं शिकल्यासारखं वाटलं.

हाडाचा सारकोमा, म्हणजे कर्क. शंकाच न्हाई. या तालुक्यात दुसऱ्या कुणाला हे ओळखता आलं नसतं. ओळखणारा आहेच कोण?

फोटोवाल्यानं सोबत चिठ्ठी दिलीय, पुन्हा काढल्यास बरे. पुन्हा काढल्यास त्याचं बरं. फाडून टाकली.

हु.ला दाखवला, उगीच. कुणाला तरी दाखवावा वाटला. उजेडाला धरून फार वेळ बघत बसला. मग म्हणतो, "साब, ये काँटे बालां के रुख पे हैं." केस ज्या बाजूला उभे, त्याच बाजूला काटे. वा! आता बाटल्या धुणारा मला हाडं शिकवायलाय. म्हणलो, तू लेबलं चिकटव.

२९ ऑगस्ट

शरणप्पाला बोलावून सांगितलं. उगं आडवळणं घेत बसलो न्हाई. या लोकांना आडवळण कळत न्हाई, त्यातून आशा तेवढी काढून घेतेत.

"सरतान आहे. हाडाचा."

"मग काय करायचं, साहेब?"

"काही न्हाई. खाऊ-पिऊ घाला."

"हैदराबादला नेलं तर?"

"उगं हाल."

थोडा वेळ टोपी हातात फिरवत बसला. मग म्हणला, "दिवाळी बघंल का?"

"बघंल."

"संक्रांत?"

"न्हाई."

"बरं," म्हणला. हात जोडले नि उठला. पोर मरणार म्हणलो, तर म्हणतो बरं. माणसं आहेत का ढेकळं? बायको व्हरांड्यात होती, तिलाबी ऐकू गेलं असणार.  पोर पायरीवर बसून मुंग्यांना शेंगेचं टरफल वाहून न्यायला लावत होती.

१६ सप्टेंबर

सकाळी गावचा मालीपाटील आला, सुई द्या म्हणला. कशाची? कशाचीबी. अंगात सुस्ती आलीय म्हणे. ती जन्मापासून आहे, तिला सुई न्हाई. तरी पाणी टोचून दिलं. खुशीत गेला.

मग सिद्दव्वा एकटीच आली. दोन कोस चालत. औषध मागंल असं वाटलं. तिनं विचारलं काय?

"साहेब, म्हादेवीनं दुधाचं मडकं फोडलं. मुद्दाम. तिला रागवू का नको?"

 म्हणजे काय, म्हणलो.

"रागवावं तर चार दिसाचं लेकरू. न रागवावं तर तिला कळतंय की. परवा मला म्हणली, अव्वा, तू आता मला मारत कामून न्हाईस?"

रागवा, म्हणलो, तुमच्या मनाला येईल तसं करा. हे विचारायला दवाखाना न्हाई. गेली. हु. फाटकापर्यंत तिच्यासंग बोलत गेला. गाव त्याला हुसेनअण्णा म्हणतं. मला साहेब म्हणतं. बरोबर आहे, ज्याला त्याला ज्याचं त्याचं.

९ ऑक्टोबर

हस्त निघालाय. सगळं गाव पेरणीला. दवाखान्यात एक म्हातारा, तोबी बैलानं लाथ मारलेला. पेरणीच्या दिवसांत कुणी आजारी पडत न्हाई. सरकारनं वर्षभर पेरणी ठेवावी, माझी बदली होईल.

रस्त्यात शरणप्पा भेटला, खांद्यावर बियाणाची पिशवी.

"झाली का पेरणी?"

"झाली, साहेब. थोडं रान सोडलंय."

"कामून?"

"असंच."

दगडाळ असंल. पोरीचं विचारायचं होतं, तेवढ्यात तो पुढं निघून गेला. माणसाला रीत नसते.

८ नोव्हेंबर

दिवाळी आटोपली. हु.कडं शरणप्पाच्या घरनं फराळ आला, माझ्याकडं न्हाई. मला हवा होता असं न्हाई.

हु. आपणहून बोलला, आश्चर्य. "साब, बच्ची अच्छी है. झाडां पे चढरी." म्हणलो, हा रोग आधी असाच फसवतो. मग एकदम. "जी साब."

पुस्तक काढून पुन्हा वाचलं. ताप येतो, वजन उतरतं, गाठ गरम लागते, शिरा फुगतात, महिन्या-दोन महिन्यांत दुप्पट होते. होईल. पुस्तक काही माझ्यासाठी घाई करत न्हाई.

२७ डिसेंबर

चावडीत भांडण. आळंद तालुका पुढं कुणाच्या राज्यात जायचा म्हणून. तीन भाषांत तावातावानं बोलायलेत, नि तिन्ही भाषांत चुका. मला विचारलं, डॉक्टरसाब, तुमचं काय मत? म्हणलो, कुणाच्याबी राज्यात गेलं तरी विहिरीतला नारू तोच. कुणाला आवडलं न्हाई.

४ जानेवारी १९५४, सोमवार. एळवस, म्हणजे वेळाअमावस्या

आज गावात कुत्रं न्हाई. सगळे आपापल्या रानात जेवायला. शरणप्पानं कालच हु.करवी सांगावा धाडला होता, दोघांनीबी यायचं. मी जाणार नव्हतो. पण खानावळवालीबी रानात गेली. उपाशी राहण्यापरीस भज्जी नि आंबील बरी, म्हणून गेलो. खोटं कशाला लिहू?

ज्वारी डोक्याच्या वर. कडब्याची खोप, आत चुना फासलेले पाच दगड, त्यांची पूजा. लिंबाच्या झाडाला झोका. झोक्यावर महादेवी.

ही पोर आज इथं नसायला पाहिजे. असली तर अंथरुणात, काडी झालेली. ही तर गालानं भरलीय, नि उभ्यानं झोका घ्यायलीय. मला बघून उडी मारून खाली आली. सणाचं न्हाणं झालेलं, केस सुटे, शिकेकाईचा वास. माझ्यापुढं उभी राहिली नि मान खाली घातली.

"आता धुतलंय. आता लाव हात."

सगळे बघायलेत. लावला. पहिल्यांदा. गार. घट्ट, रबरासारखी. दुखत न्हाई. शिरा न्हाईत. नि आकार ऑगस्टात होता तेवढाच. थोडं दाबलं तर खाली हाडाची गोल कड बोटाला लागली, सुबक, वाटीच्या काठावरनं बोट फिरवावं तशी. सारकोमाला अशी कड नसते. हे मला माहीत आहे. ऑगस्टातबी माहीत होतं.

जेवण जाईना. नुसतं बसून राहणं बरं दिसत न्हाई म्हणून बोलायला काही तरी शोधायलो. लिंबाच्या पलीकडं भर पिकात एक चौकोन मोकळा. चार हात बाय चार हात असंल. तण काढून स्वच्छ ठेवलेला. दगड बिगड काही न्हाई, काळी कसदार माती.

"इथं कामून पेरलं न्हाई?"

शरणप्पा ताटाकडं बघत राहिला. सिद्दव्वा म्हणली, "जागा ठेवलीय."

"कशाला?"

"आमच्यात गेलेल्याला मातीत बसवतेत. आपल्याच रानात. तुमी संक्रांत न्हाई म्हणला, तवा पीक उभं असणार. उभं पीक कसं मोडावं? म्हणून पेरतानाच सोडली."

नि वर वाढप्यानं विचारावं तसं विचारलं, "आंबील घालू का आणिक?"

महादेवी त्या चौकोनात लगोरी खेळायली होती. तिला वाटतं तिच्या खेळासाठीच सोडलीय जागा.

५ जानेवारी

झोप न्हाई. सकाळी हु.च्या आधी दवाखान्यात. जुना फोटो खिडकीला लावून बसलो. भोक आहे. काटे आहेत. गाठ हाताला लागली ती वेगळी नि फोटोतली वेगळी. दोन्ही एकाच डोक्यावर.

हु. आला, मागं उभा राहिला. मी मान न वळवता म्हणलो, बोल. तुला काय दिसतं ते बोल.

तो म्हणला, "साब, अपन फोड्यां का मलम बनाते, उसमें क्या डालते?"

"शिसं."

"सेंदूर भी वइच है ना साब. सीसा."

किरण शिशातून पलीकडं जात न्हाईत. फोटोवाला स्वतः शिशाचा झगा घालून उभा राहतो. हे मला कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून माहीत. शेंदूर म्हणजे शिसं हे हु.ला माहीत. दोन्ही अर्धी एका खोलीत चार महिने होती, नि मी त्याला लेबलं चिकटवायला लावली.

ठिपक्यांचा ढीग म्हणजे वाळलेला लेप. सूर्याचे किरण म्हणजे शेंदरानं माखलेले केस. मी त्या पोरीच्या केसांना कर्क म्हणलो. नि लेप माझ्या डोळ्यांपुढं होता, वहीत लिहून ठेवलाय मी, मारुतीसारखा फासलाय म्हणून. हसून लिहिलंय. वैदूनं गाढवपणा केला, पण त्यानं पोरीला मारलं न्हाई. ते काम मी केलं.

"आधी कामून बोलला न्हाईस?"

"बोला था साब. काँटे बोला था."

 तो बाटल्या धुवायला गेला. हुसेनसाब.

११ जानेवारी

स्वतः घेऊन गेलो गुलबर्ग्याला. पोर मोटारीत खिडकीपाशी बसली नि वाटेतल्या प्रत्येक बैलगाडीला हात केला. डोकं मीच धुतलं तिथल्या नळावर, साबणानं, दोनदा. फोटोवाला गमतीनं बघत होता. चिठ्ठी मिळाली होती का, म्हणला. मिळाली होती, म्हणलो.

नवा फोटो. ढीग न्हाई. काटे न्हाईत. नुसतं गोल भोक, नि त्याच्या कडेनं बारीक पांढरी रेघ. इतकी नीट की चीड आली.

डर्मॉइड असावं. पोटात असतानाच कातडीचा कण हाडाच्या दोन पापुद्र्यांत अडकून राहतो नि तिथंच सावकाश वाढतो, वर्षानुवर्षं. साधी गाठ. दुर्मिळ, पण साधी. जन्मापासून व्हती बारकी, म्हणली होती आई. पहिल्याच दिवशी, पहिल्याच वाक्यात.

पण बाहेरचा पापुद्रा खाल्ला तसा तिनं आतलाबी खाल्लाय. खाली आता मेंदूचं आवरण. पुढं आत वाढंल, दाबंल. एखादा दगड लागून फुटली नि पू झाला तर संपलं. काढली पाहिजे. हैदराबादला कवटी उघडणारा एक सर्जन आहे. माझ्या पुढचा होता कॉलेजात. त्याला मी तेव्हा घोकंपट्टी म्हणायचो. त्याला पत्र टाकलं.

१२ जानेवारी

रानात गेलो सांगायला. दोन कोस चाललो. सिद्दव्वा किती वेळा चालली असंल?

सगळं सांगितलं. शेंदराचं, शिशाचं, माझं. शरणप्पानं ऐकून घेतलं.

"म्हणजे मरत न्हाई?"

"त्या रोगानं न्हाई. तो रोगच न्हाई."

"साधी गाठ."

"व्हय, साधी."

"मग कापायचं कामून?"

बोला आता. मरणार म्हणलो तेव्हा नेऊ नका म्हणलो. मरत न्हाई म्हणलो तर न्या म्हणतोय. त्याच्या जागी मी असतो तर मला हाकलून दिलं असतं. आत वाढंल म्हणलो. "कवा?" कधी ते सांगता येत न्हाई. पाच वर्षं, दहा वर्षं. "नि कापताना काय झालं तर?" होऊ शकतं, म्हणलो. या वेळी आडवळण घ्यावं वाटलं, घेता आलं न्हाई.

"साहेब, मागल्या बारीला तुमी लय पक्कं बोलला व्हता. आता तुमी पक्कं बोलंनात."

म्हणून खरं आहे, असं म्हणायचं होतं. 

१४ जानेवारी

संक्रांत. सकाळीच सिद्दव्वा पोरीला घेऊन आली. दारात उभी केली, नवं परकर-पोलकं, हातात तिळाची वाटी.

"साहेब, संक्रांत आली."

एवढंच. टोमणा होता का नव्हता, मला कळलं न्हाई. तिच्या चेहऱ्यावरनं कळत न्हाई. महादेवीनं तीळ दिले, माझ्या हातावर तिचा चिकट हात दोनदा दाबला नि विचारलं, "माझ्या डोक्यात भोक हाय म्हणं. त्यातनं दिसतंय का?" काय? "मी काय मनात म्हणते ते." न्हाई, म्हणलो. "मग बरं."

पोर अंगणात गेल्यावर आई म्हणली, "ह्या बारीला कुणाला विचारून सांगायलाव?"

आयुष्यात मला हे कुणी विचारलं न्हाई. म्हणलो, हुसेनसाबला. नि हैदराबादच्या डॉक्टरला.

तिनं हुसेनसाबकडं बघितलं. मोहरी निवडत बसावं तसा तो पुड्या बांधत बसला होता. तिनं त्याला कानडीत हळूच काही विचारलं, त्यानं कानडीतच सांगितलं. इतकी वर्षं माझ्यासमोर हा माणूस कानडी बोलला न्हाई. किती सुरेख बोलतो! मग ती माझ्याकडं वळली.

"हुसेनअण्णा सोबत येत असतील तर नेतो."

मी येतो म्हणणार होतो, गिळलं. दवाखाना सोडता येत न्हाई, हे खरं आहे. मला कुणी बोलावलं न्हाई, हे जास्त खरं.

२ फेब्रुवारी

गेले. हुसेनसाब, शरणप्पा, महादेवी. सिद्दव्वा मागं राहिली, काढणीला कुणी तरी पाहिजे.

मोटार यायच्या आधी डोकं भादरलं, इथंच व्हरांड्यात. सर्जननं तसं कळवलं होतं. केस पडले नि गाठ उघडी झाली, उन्हात चकाकायली. एवढीशी. पोर म्हणली, आता मी स्वामीसारखी दिसायले. आईनं केस गोळा करून पदराला बांधले, काय करणार होती त्यांचं कुणास ठाऊक. मोटार दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली. मग मला म्हणली, "मी मडक्यासाठी तिला मारलं, साहेब. त्या दिवशी हितनं गेल्यावर. लय मारलं. बरं केलं ना?"

व्हय, म्हणलो. बरं केलं.

१५ फेब्रुवारी, सोमवार

हुसेनसाबचं पत्र. उर्दू अक्षर छापल्यासारखं. मला वाटायचं याला लेबलापुरतं येतं.

गाठ काढली. साबुत निघाली, मेंदूच्या आवरणाला चिकटली होती तिथं सोडवायला वेळ लागला. सर्जननं ती चिरून दाखवली. आत लोण्यासारखा मळ नि केस. काळे, बारीक, गुंडाळलेले. म्हणजे डर्मॉइड. माझं बरोबर आलं. कुणाला सांगू?

खाली लिहितो, चौथ्या दिवशी ताप चढला. मान ताठ झालीय. सुया चालू आहेत. सर्जन म्हणतात दोन दिवस बघू. बच्चीनं तुम्हाला विचारलंय, भोक आता बुजंल का?

पत्रावर तारीख दहा. आज पंधरा. म्हणजे ते दोन दिवस कधीच होऊन गेलेत. जे व्हायचं ते तिथं झालंय, नि इथं अजून व्हायचंय.

रानात जाऊन सिद्दव्वाला वाचून दाखवलं. तापाचंबी वाचलं. गाळावं वाटलं होतं. ती म्हणली, केसाचं पुन्हा वाचा. वाचलं. "हाडात केस. बघा की," म्हणली, नि विळा उचलला.

१८ फेब्रुवारी

टपालात काही न्हाई. तारबी न्हाई. तार न्हाई म्हणजे चांगलं, असं गाव म्हणतं. गावाला काय कळतंय, असं लिहिणार होतो. मलाच काय कळतंय?

कडगंचीचा वैदू नारूचा पाय घेऊन आला होता. स्वतःचा. बांधून दिला. शेंदराचं काही बोललो न्हाई. मग बोललो, लेकरांच्या डोक्याला लावू नका म्हणलो. "कामून?" त्यात शिसं असतं. "हे मला कुणी सांगितलंच न्हाई," म्हणला.

२१ फेब्रुवारी, रविवार

आजबी तार न्हाई. दुपारी रानात गेलो. हल्ली रोजच जातो. सांगायला काही नसलं तरी.

ज्वारी काढून झाली. सगळं रान मोकळं, ढेकळं नि खुंट. लिंबापलीकडचा तो चौकोन आता वेगळा दिसत न्हाई. नवख्या माणसाला तर मुळीच न्हाई. मी लिंबापासून पावलं मोजत न्हाई, तरी माझे पाय बरोबर तिथंच थांबतेत.

सिद्दव्वा तिथंच होती. कडब्याच्या पेंढ्या आणून टाकायली होती, बरोबर त्या जागेवर. पहिला थर लावून झाला होता.

"हितं गंजी लावायलीस?"

"हितंच."

गंजी वर्षभर हलत न्हाई. पुढच्या पेरणीपर्यंत ती जागा अडली. म्हणलो, "शरणप्पाला विचारलं का?"

"त्यानं तुमाला विचारून जागा सोडली," ती म्हणली. "मी कुणाला विचारत न्हाई."

नि वर चढली. खालून पेंढी द्यायला कुणी न्हाई, चढते, उतरते, पुन्हा चढते. दोनदा बघितलं. मग कोट काढून लिंबावर टांगला नि पेंढ्या उचलून द्यायला लागलो. ती एकदा फक्त म्हणली, आडवी न्हाई, उभी धरा.

दिवस मावळायच्या आत छातीएवढी झाली. पात्यांनी दोन्ही हात चिरलेत, लेखणी धरवंना. उद्या टपालाचा दिवस.